पुढचं पडद्यावर पाहा

माझ्या आजीच्या ट्रंकेत लग्नातला शालू, एक चांदीचा करंडा आणि सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. पातळ, पिवळट कागदावर छापलेल्या आठ-दहा पानांच्या पुस्तिका. थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्याला मिळायच्या. आत नटनट्यांची नावं, गाण्यांचे शब्द आणि कथानकाचा गोषवारा. हा गोषवारा नायक नेमका कात्रीत सापडला की थांबायचा, आणि पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा, अशा अर्थाचं काहीतरी लिहून पान संपायचं. त्यांतली एक पुस्तिका 'ब्रह्मचारी'ची होती. १९३८ साली आजी सोळा वर्षांची, राहायला कोल्हापुरात, आणि सिनेमा काढणारी हंस पिक्चर्सही कोल्हापूरचीच. तरी तिने तो पाहिला नाही. घरातून परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. नायिका मीनाक्षीबाई शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसतात ही बातमी सिनेमाच्या आधी गल्लीत पोचली होती. पुस्तिका तिच्या भावाने चोरून आणून दिलेली. 'यमुनाजळी खेळू खेळ' तिला तोंडपाठ होतं, भाकरी थापताना म्हणायची. पडद्यावर पाहायचं मात्र राहिलं ते राहिलंच.

आजीची ही अवस्था आता आपल्या सगळ्यांची झाली आहे. सुरुवातीच्या मराठी संगीत-विनोदी बोलपटांशी आपलं नातं त्या पुस्तिकेएवढंच उरलंय. नावं ठाऊक, एखादं गाणं ठाऊक, चित्रपट पाहिलेला नाही. फरक इतकाच की तिला घरच्यांनी अडवलं होतं. आपल्याला कुणी अडवलेलं नाही, आपण विचारायलाच गेलो नाही. माझं म्हणणं साधं आहे. या चित्रपटांपैकी जे शिल्लक आहेत ते अख्खेच्या अख्खे, जसे आहेत तसे, लोकांसाठी खुले करा. ओरखडे असू देत, आवाजाची खरखर असू दे, मधला एखादा तुकडा गायब असू दे. दुरुस्तीची वाट पाहत बसू नका.

'अख्खे' या शब्दावर माझा जोर आहे.

'ब्रह्मचारी'चंच घ्या. दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखन आचार्य अत्र्यांचं, संगीत दादा चांदेकरांचं. औदुंबर नावाचा साधासुधा तरुण, देशभक्त जटाशंकर नावाच्या पुढाऱ्याचं ब्रह्मचर्यावरचं जोरदार व्याख्यान ऐकतो आणि भारावून जातो. जमवलेली सिनेनट्यांची चित्रं फेकून देतो आणि आचार्य चंडीराम यांच्या संस्थेत दाखल होतो. तिथे किशोरी भेटते आणि सगळ्या निग्रहाचं पाणी होतं. हे पाणी शब्दशः. 'यमुनाजळी खेळू खेळ' हे नदीकाठचं गाणं आज तुम्ही सुटं ऐकलंत, किंवा मोबाइलवर तीन-चार मिनिटांच्या तुकड्यात पाहिलंत, तर एका काळाच्या मानाने धीट नटीचं धीट गाणं एवढंच दिसेल. पण अख्ख्या चित्रपटात ते गाणं म्हणजे एका लांबलचक विनोदाचा शेवटचा शब्द आहे. त्याआधी आपण व्याख्यान ऐकलेलं असतं, व्यायाम पाहिलेला असतो, ती फेकलेली चित्रं पाहिलेली असतात. म्हणून गाण्यातला 'का लाजता' हा प्रश्न कन्हैयाला उद्देशून असला तरी तो जाऊन बसतो औदुंबरावर आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या त्या सगळ्या भारदस्त आचार्यमंडळींवर. इथे लाजणारा पुरुष आहे आणि पुढाकार घेणारी बाई. गाणं विनोदातून उगवतं आणि विनोद गाण्यात जाऊन फुटतो. कापून काढलं की दोन्ही मरतात.

मला या चित्रपटांची जी गोडी वाटते तिचं मूळ इथे आहे. ती गोडी फक्त जुनेपणाची नव्हे. जुनं तर पुष्कळ काही असतं. जुन्या वजनकाट्याला मी काही गोड म्हणत नाही.

आपल्याकडे गाणं आणि हसणं एकत्र नांदणं ही बोलपटाने लावलेली नवी सवय नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं, देवलांचा 'संशयकल्लोळ' १९१६चा. फाल्गुनराव संशयाने पेटलेला असताना मध्येच पद येतं आणि कुणालाही ते खटकत नाही, उलट 'वन्समोअर' मिळतो. १९३२मध्ये 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडदा बोलू लागला, तेव्हा पडद्यावर आलेली निम्मी मंडळी रंगभूमीवरून उतरलेली होती. ती सोबत सवयी घेऊन आली. त्यांतली एक सवय मला फार आवडते, आणि ती घरी एकट्याने लॅपटॉपवर पाहिलं तर दोष वाटते. हे नट विनोदी वाक्य टाकल्यावर थांबतात. अगदी क्षणभर. समोर हशा होणार, तो ओसरू द्यायचा, मग पुढचं वाक्य, असा रंगमंचावर मुरलेला हिशेब. कॅमेऱ्यासमोर हसायला कुणी नव्हतं, तरी जागा सोडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या सभागृहात त्या काळचे विनोदी नट दामुअण्णा मालवणकर यांचं पडद्यावरचं काम पाहताना हे माझ्या लक्षात आलं. आम्ही चाळीसएक माणसं असू, बरीचशी सेवानिवृत्त, आणि मागे कॉलेजातली पाच-सहा पोरं, बहुधा कुणीतरी पकडून आणलेली. पहिली दहा मिनिटं ती पोरं मोबाइलमध्ये होती. पडद्यावरची प्रत इतकी झिजलेली की दामुअण्णांचा चेहरा कधी पांढराफटक व्हायचा, कधी काळवंडायचा. मग एका वाक्याला पुढच्या रांगेतल्या आजोबांनी खोकल्यासारखं हसून दिलं, त्यांच्या हसण्याला बाकीचे हसले, आणि तो हशा त्या सोडलेल्या जागेत नेमका मावला. पडद्यावरचे दामुअण्णा जणू आमचं हसून होईपर्यंत थांबले होते. पुढच्या थांब्याला पोरंही हसली. सत्तरेक वर्षं रिकामी पडलेली खुर्ची होती, तिच्यात आम्ही जाऊन बसलो. असा अनुभव मला आजच्या चकचकीत विनोदी चित्रपटात येत नाही. तिथे कुठे हसायचं हे पार्श्वसंगीत सांगतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायन आणलं. पुढे ते इतकं रुजलं की गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा, याचं आपल्याला काही वाटेनासं झालं. पण या सुरुवातीच्या बोलपटांत बहुतेकदा जो दिसतो तोच गातो. मीनाक्षी शिरोडकर गात होत्या, विनायक गात होते, विनोदी नटसुद्धा गात होते. विनोदी नटाचं गाणं तर खास ऐकावं. सूर जेमतेम, दम तोकडा, पण तो आवाज त्या पात्राचा असतो. घाबरलेला कारकून घाबरलेल्या आवाजातच गातो. पुढे याच कारकुनाच्या तोंडून रेशमी आवाजाचा पार्श्वगायक गाऊ लागला तेव्हा गाणं सुधारलं आणि कारकून गेला.

कारकुनावरून आठवलं. १९३९चा 'ब्रँडीची बाटली'. दामुअण्णांचा बगाराम म्युनिसिपालिटीत कारकून, भिडस्त. त्याचं जिच्यावर प्रेम आहे तिच्या आजारी भावासाठी ब्रँडी हवी, आणि ब्रँडी म्हणजे काय, ती कुठे मिळते, हेच या सज्जनाला ठाऊक नाही. बाटलीच्या शोधात तो सगळं गाव पालथं घालतो. १ ऑगस्ट १९३९ला मुंबईत दारूबंदी लागू झाली. म्हणजे वर्तमानपत्रात दारूबंदीवर रणं माजलेली असताना लोक थिएटरात जाऊन औषधाच्या बाटलीपायी एका कारकुनाची त्रेधा पाहत होते. लिहिणारे अत्रे त्याच सुमारास स्वतः पुणे नगरपालिकेत निवडून गेलेले. नगरपालिकेतल्या कारकुनाला ते काही दुरून पाहत नव्हते. इतिहासाच्या पुस्तकात दारूबंदी एका ओळीत संपते. ती लोकांना कशी बोचली आणि तिच्यावर ते कसे हसले, हे या असल्या चित्रपटात सापडतं.

पुढच्याच वर्षी 'लग्न पहावे करून' आला. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पहिल्यांदा हाडामांसाचे झाले ते इथे: दामुअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिमणराव म्हटलं की माझ्या पिढीला दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या जवळजवळ चार दशकं आधी हीच जोडी पडद्यावर येऊन लोकांना हसवून गेली होती, हे माझ्या ओळखीतल्या दहांपैकी नऊ जणांना माहीत नाही. त्यांतले सहा जण मराठीचे प्राध्यापक आहेत. असो.

हे विस्मरण आपोआप झालेलं नाही. आपण निवड केली. चांगला जुना मराठी चित्रपट म्हणजे काय, हे विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'संत तुकाराम'. १९३६चा, प्रभातचा, व्हेनिसला गौरवलेला. तो थोर आहेच, माझं त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते थोरवीच्या आपल्या व्याख्येशी. त्या व्याख्येत भक्ती बसते, समाजसुधारणा बसते, आईची माया बसते. हसणं बसत नाही. अत्र्यांचंच पाहा. सभागृह गडाबडा लोळवणारा माणूस. 'झेंडूची फुले' लिहिणारा माणूस. पण चित्रपटातले अत्रे म्हटले की आपण 'श्यामची आई' म्हणतो, कारण त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. हसवणाऱ्या अत्र्यांचे चित्रपट आपण विसरलो आणि रडवणाऱ्या अत्र्यांचा जपला. यापेक्षा चांगला विनोद खुद्द अत्र्यांनाही सुचला नसता. १९४२च्या 'पहिली मंगळागौर'ची गत तर याहून गमतीची. तो आज कुणाला आठवलाच तर लताबाई त्यात पहिल्यांदा पडद्यावर दिसल्या म्हणून. बाकी चित्रपट म्हणजे त्यांच्या चरित्रातली एक तळटीप.

माझ्या बाजूने बोलताना एक कबूल करायला हवं. हे सगळे बोलपट काही रत्नं नव्हेत. काही रटाळ आहेत. कॅमेरा एकाच जागी ठाण मांडून बसतो, पात्रं रांगेत उभी राहून बोलतात, तिसरं गाणं संपतच नाही. काही विनोद आज कानाला टोचतात: शिकलेली बाई म्हणजे चेष्टेचा विषय, जाड माणूस म्हणजे चेष्टेचा विषय, तोतरा म्हणजे हमखास टाळी. 'ब्रह्मचारी'तल्या त्या नदीकाठच्या गाण्यात किशोरी वरचढ आहे हे मी वर म्हटलं, पण थिएटरात शिट्ट्या मारणारी मंडळी औदुंबराची फजिती पाहायला गेली नव्हती, हे मलाही कळतं. माझ्या एका मैत्रिणीचं मत असं, की असल्या गोष्टी विसरल्या गेल्या तर बिघडलं काय? मला तिचं पटत नाही. जुने गंभीर चित्रपट त्या काळाने स्वतःबद्दल काय मिरवलं ते दाखवतात. विनोदी चित्रपट त्याला कशाची लाज वाटत होती, कशाची भीती वाटत होती, ते दाखवतात. टोचणारा विनोद पाहूनच कळतं की कोण कुणावर हसू शकत होतं. ते झाकून ठेवून आपण शहाणे होणार नाही.

आता व्यवहाराचं बोलू. पहिली हरकत हक्कांची. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९३० आणि १९४०च्या दशकांतले सगळे चित्रपट, चित्रपट म्हणून, केव्हाच मोकळे झाले. लेखकाचे हक्क वेगळे चालतात, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. अत्रे १९६९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांबाबत २०२९ संपेपर्यंत कुणी कायद्याचं पुस्तक उघडून बसू शकेल. तिथे वारसांशी बोलावं लागेल. पण चिं. वि. जोशी १९६३मध्ये गेले. त्यांचं लेखन २०२४च्या १ जानेवारीपासून सगळ्यांचं झालं. चिमणराव मोकळे झाले त्या दिवशी त्यांच्या मागे बँड लावावा असं कुणालाही वाटलं नाही.

दुसरी हरकत पैशाची, आणि ती मला जास्त फसवी वाटते. २०२२मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. चांगलंच आहे. पण एकेक फ्रेम धुऊनपुसून काढायची म्हणजे यादी लागते, यादीत क्रम लागतो, आणि क्रम लावणाऱ्यांच्या डोक्यात थोरवीची तीच व्याख्या असली तर बगाराम कारकून कितव्या नंबरावर येणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मी म्हणते, पुनरुज्जीवन आणि खुलं करणं या दोन गोष्टींची गाठ सोडवा. साधं स्कॅनिंग करून, ओरखड्यांसकट चित्रपट बाहेर येऊ दे. ज्याला लोकांची मागणी दिसेल त्याची मग दुरुस्ती करा. पोथीची चिकित्सक आवृत्ती निघेपर्यंत पोथी वाचायची नाही, असं आपल्याकडे कुणी केलं नाही.

उशीर परवडणारा नाही याचं कारण फिल्मच्या पट्टीतच आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती कुजते, चिकट होते, तिची भुकटी होते, आणि पेटली की विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो. कित्येक रिळं तर त्यांतली चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, म्हणजे 'ब्रह्मचारी'नंतर सव्वीस वर्षांनी. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, कधी गोदामांतून, कधी कुणाच्या माळ्यावरून जे गोळा केलं त्यावर आपण आज बोलतो आहोत. त्यातही जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि पुष्कळ काही गेलं. एका ठिकाणी, एकच प्रत, कुलपात, याला मी सुरक्षित म्हणणार नाही. शंभर घरांतल्या शंभर बऱ्यावाईट प्रती जास्त सुरक्षित.

अमेरिकेत या बाबतीत शिकण्यासारखं एक प्रकरण घडलं. तिकडे सुरुवातीच्या बोलपटांत व्हिटाफोन नावाची पद्धत होती: चित्र फिल्मवर, आवाज सोळा इंची तबकडीवर. प्रोजेक्टर आणि तबकडी एकदम सुरू करायची. १९२९-३०मध्ये अशा संगीत-विनोदी चित्रपटांचा नुसता पूर आला, लोकांना वीट आला, आणि मग चित्रं एकीकडे हरवली, तबकड्या दुसरीकडे पडून राहिल्या. 'गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे' हा १९२९चा रंगीत चित्रपट त्या काळी तुफान चालला होता. आज त्याचे शेवटाकडचे काही भाग सापडतात, बाकी आवाजच. १९९१मध्ये तबकड्या जमवणाऱ्या काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन कुणाकडे कोणती तबकडी आहे याची यादी केली, ती संग्रहालयांतल्या मुक्या चित्रांशी ताडून पाहिली, आणि कित्येक मुके लघुपट पुन्हा गाऊ लागले. पुढाकार हौशी लोकांचा, संग्रहालयांनी दार उघडलं.

आपल्याकडे असे हौशी लोक कमी नाहीत. महाराष्ट्रात ७८ आरपीएमच्या तबकड्या जिवापाड जपणारी माणसं आहेत, कुणाची बायको त्यांच्यावर त्यापायी रुसलेली आहे. त्यांच्याकडे या चित्रपटांची गाणी आहेत. पण एक घोळ लक्षात घ्यायला हवा. तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं, आणि त्या काळी तबकडीसाठी गाणं बरेचदा वेगळं, कंपनीच्या स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतलं जायचं. म्हणजे आज रेडिओवर किंवा मोबाइलवर आपण जे गाणं 'त्या चित्रपटातलं' म्हणून ऐकतो ते कित्येकदा त्या चित्रपटातलं नसतंच. पडद्यावरच्या गाण्यातली कुणाची मध्येच आलेली शिंक, कुणाचा डोळा मिचकावणं, दोन कडव्यांमधलं बोलणं, हे तबकडीवर कधी गेलंच नाही.

मागे मी परगावच्या एका संस्थेकडे अशाच एका जुन्या विनोदी बोलपटाची प्रत पाहायला मिळावी म्हणून अर्ज केला. संस्थेचं नाव नको, माणसं सालस होती. छापील अर्जात एक रकाना होता: 'चित्रपट पाहण्याचे प्रयोजन'. मी लिहिलं, 'हसायचं आहे.' टेबलापलीकडच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि फॉर्म परत सरकवत हळूच म्हणाल्या, "मॅडम, इथे संशोधन लिहा. नाहीतर वर सही होणार नाही."

मी संशोधन लिहिलं. सही व्हायला सात आठवडे लागले.